गॅसच्या टाकीवाले मामा आणि माइक जज

परवा रात्री साडेबाराला अंगावर गोधडी घेऊन, मोबाईल छातीपाशी धरून मी एकच वाक्य अठरा वेळा बोललो. "आधी वजन करूलालो, मग सील तोडूलालो." पंखा बंद, कारण पंख्याची घरघर रेकॉर्ड होते, आणि गोधडी यासाठी की वाळूजच्या आमच्या खोलीत भिंती उघड्या आहेत, आवाज घुमतो. मे महिन्यात गोधडीखाली काय होतं ते सांगायला नको. पण अठराव्या वेळी आवाज जसा पाहिजे होता तसा आला आणि मी उठून पाणी प्यालो.

हे सगळं कशासाठी, तर एका चाळीस सेकंदाच्या कार्टूनसाठी. आणि हे कार्टून ज्या माणसामुळं सुचलं त्याच्याबद्दल बरेच दिवस लिहायचं होतं. माइक जज. अमेरिकेतला माणूस, स्वतः कार्टून लिहितो, स्वतः काढायचा, आणि आपल्या पात्रांना आवाजही स्वतःच देतो. पण त्याच्या आधी मामांबद्दल सांगावं लागेल, नाहीतर मला हा माणूस एवढा का आवडतो ते कळायचं नाही.

माझे मामा सेलूला. परभणी जिल्ह्यातलं सेलू. गॅस एजन्सीच्या गोडाऊनवर त्यांची सगळी नोकरी गेली, आधी हमाली केली, मग गाडीवर, मग गोडाऊनचा हिशोब. लहानपणी सुट्टीत गेलो की मी त्यांच्या मागंमागं गोडाऊनला जायचो. टाकी उतरवली की मामा आधी तिची कॉलरवरची पट्टी बघायचे. रिकाम्या टाकीचं वजन तिथं लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवायचे, तेवढं काट्यावर भरलं पाहिजे. पट्टीवर एक अक्षर आणि आकडा असतो, म्हणजे सी-२७ असलं तर सप्टेंबर २०२७ पर्यंत टाकी चालते, पुढं टेस्टिंगला पाठवायची. हे मला आठवीत असताना मामांनी शिकवलं आणि आजसुद्धा कुणाच्या घरी गेलो तर माझी नजर टाकीच्या कॉलरवर जाते. मग सील तोडायचं, टोपी काढायची, आतला वायसर बोटानं चाचपायचा, वरून चमचाभर पाणी सोडायचं, बुडबुडे आले की टाकी बाजूला. गॅस हवेपेक्षा जड असतो, फरशीला धरून पसरतो, म्हणून वास आला की आधी खालची हवा बाहेर काढायची, दारं उघडायची, बटणाला हात लावायचा नाही. हे सगळं मामा गिऱ्हाइकाला दर वेळी सांगायचे. ज्या बाईला महिन्यापूर्वीच सांगितलं तिलाही परत सांगायचे. सावकाश, खालच्या आवाजात, एकेक शब्द ठेवत ठेवत. कुणी घाई केली तरी मामांचा वेग बदलायचा नाही.

आता हॉस्टेल. इंजिनिअरिंगला असताना एका सिनियरच्या हार्डडिस्कमध्ये एक फोल्डर होतं, किंग ऑफ द हिल. मी उघडलं ते निव्वळ कार्टून म्हणून. टेक्सासमधलं आर्लेन नावाचं काल्पनिक गाव, त्यात हँक हिल नावाचा चष्मेवाला माणूस, आणि तो काय काम करतो तर प्रोपेन गॅस विकतो. एजन्सीत असिस्टंट मॅनेजर आहे. प्रोपेन आणि प्रोपेनचं सामान विकतो हे तो ओळख करून देताना असं सांगतो की जणू सरकारी पद सांगतोय. त्याला त्या गॅसचा अभिमान आहे, टाकी नीट भरली पाहिजे, शेगडी नीट पेटली पाहिजे, कोळशावर मांस भाजणाऱ्यांचं त्याला मनापासून वाईट वाटतं. मी पहिले दोन एपिसोड सबटायटल लावून बघितले आणि तिसऱ्याला उठून बसलो. म्हणलं हे तर मामा आहेत! भाषा कळत नव्हती अर्धी, पण तो सुस्कारा, तो एकेक शब्द ठेवायचा वेग, रागावल्यावर आवाज चढायच्या ऐवजी घशात अडकतो ते. आपला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण, त्याचा नुसता प्रोपेन, एवढाच काय तो फरक.

मग शोधायला लागलो की हा आवाज कुणाचा, तर तो ज्यानं मालिका तयार केली त्याचाच. आणि याच मालिकेत बूमहाउर नावाचा एक शेजारी आहे, जो इतकं भरभर आणि तोंडातल्या तोंडात बोलतो की एखादाच शब्द हाताला लागतो, त्याचाही आवाज याच माणसाचा. हँक आणि बूमहाउर एका सीनमध्ये बोलत उभे असतात तेव्हा एकच गळा दोन्हीकडून बोलत असतो.

जजची करिअर मी इंजिनिअर म्हणून वाचली आणि म्हणून ती मला जास्त लागली. जन्म १९६२ चा, इक्वेडोरमधल्या ग्वायाकिल शहरातला, वडील पुरातत्त्वाचे अभ्यासक. वाढला न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीला. कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या सॅन डिएगो कॅम्पसमधून फिजिक्सची डिग्री. मग नोकरी, एफ-१८ या लढाऊ विमानाच्या इलेक्ट्रॉनिक्सची तपासणी करणाऱ्या सिस्टीमवर. १९८७ ला सिलिकॉन व्हॅलीत व्हिडिओ कार्ड बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत गेला आणि तीन महिनेही टिकला नाही, सोडून आला. नंतर काही वर्षं ब्लूज वाजवणाऱ्या बँडमध्ये बास गिटार. म्हणजे बघा, तिशीच्या जवळ आलेला, फिजिक्सवाला, नोकरी नाही, गावोगाव वाजवत फिरतोय. आपल्याकडं असं पोरगं घरी आलं तर आत्या-काकू पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी विचारतील, काय ठरवलंय मग.

१९८९ मध्ये एका थिएटरात त्याला ॲनिमेशनचे सेल मांडून ठेवलेले दिसले, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या शीटवर रंगवलेली मूळ चित्रं. त्यानं एक बोलेक्स कंपनीचा १६ एमएमचा कॅमेरा विकत घेतला आणि घरीच कार्टून काढायला लागला. कुठलंही कॉलेज नाही, स्टुडिओ नाही. चित्र काढायचं, एक फ्रेम घ्यायची, पुढचं चित्र, पुढची फ्रेम. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा, एकेक चित्र दोन-दोन फ्रेमला धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं. मी कॉम्प्युटरवर ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये करतो, चुकलं की अनडू करतो, म्हणजे एका बटणात केलेलं मागं घेतो, त्या माणसाकडं अनडू नव्हतं, फिल्म धुऊन आल्यावरच कळायचं काय झालंय.

त्याचं पहिलं गाजलेलं छोटं कार्टून म्हणजे मिल्टन. ऑफिसच्या कोपऱ्यात बसलेला एक माणूस, जो कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात पुटपुटत असतो की माझं टेबल हलवलं तर बघा, मी सोडून जाईन. हा माणूस जजनं हवेतून काढला नाही, नोकरीत असताना त्याच्याबरोबर एक असाच इंजिनिअर होता, टेबल पुन्हा हलवलं तर नोकरी सोडीन म्हणणारा. एवढंच वाक्य. आपण असल्या माणसाला हो हो म्हणून चहा प्यायला निघून जातो. जजनं त्याचा आवाज लक्षात ठेवला, कित्येक वर्षं, आणि त्याचं कार्टून केलं, ते टीव्हीवर लागलं, आणि त्याच्यावरून पुढं १९९९ मध्ये ऑफिस स्पेस नावाचा अख्खा सिनेमा झाला. तो थिएटरात पडला आणि नंतर व्हिडिओवर लोकांनी डोक्यावर घेतला.

१९९२ ला त्यानं दोन वाह्यात पोरांचं एक छोटं कार्टून केलं, आणि ८ मार्च १९९३ ला एमटीव्हीवर बीविस अँड बटहेड सुरू झालं. दोन्ही पोरांचे आवाज त्याचे, शिवाय त्यांचे मास्तर, हेडमास्तर, शेजारचे म्हातारबाबा, सगळे तोच. मला ही मालिका मनापासून आवडत नाही, खोटं कशाला बोलू. सोफ्यावर बसून खीखी करणारी ती पोरं मला दहा मिनिटांच्या वर सहन होत नाहीत. त्याच वर्षी ओहायोत एका पाच वर्षांच्या मुलानं आग लावली, त्यात त्याची दोन वर्षांची बहीण गेली, आणि आईनं या मालिकेला दोष दिला. मालिकेमुळंच झालं का यावर वाद आहेत, पण एमटीव्हीनं ती रात्री उशिराच्या वेळेला नेली आणि आगीचे उल्लेख काढून टाकले. कार्टून म्हणजे लहान लेकरांचंच असं घरोघरी धरलेलं असतं, तिथं आपलं काम कुणाच्या हाती पडेल हे आपल्या हातात राहत नाही. मी दोन लेकरांचा बाप आहे, माझ्या डोक्यातून ती गोष्ट जात नाही. म्हणून माझ्या कार्टूनमध्ये मामा रेग्युलेटर बसवताना काडी पेटवत नाहीत. शेगडी पेटताना मी दाखवतच नाही.

पण ती मालिका गाजली म्हणून पुढचं झालं. १२ जानेवारी १९९७ ला फॉक्स चॅनेलवर किंग ऑफ द हिल आलं, जज आणि ग्रेग डॅनियल्स दोघांनी मिळून केलेलं. पात्रं आणि पहिली स्क्रिप्ट जजची, मग डॅनियल्सनं त्यावर काम केलं, लिहिणारी मंडळी टेक्सासला जाऊन लोकांशी बोलून यायची. जज स्वतः डॅलसजवळच्या रिचर्डसनमध्ये राहिलेला, आर्लेन म्हणजे बरंचसं तेच गाव. मालिकेच्या सुरुवातीला चार शेजारी गल्लीत कुंपणाला टेकून बियरचे कॅन घेऊन उभे असतात, आजूबाजूला दिवस भराभर पळतो, गाड्या येतात जातात, हे चौघं तिथंच. एक म्हणतो "यप", दुसरा म्हणतो "यप". बास. सेलूला स्टेशन रोडच्या टपरीपाशी संध्याकाळी जाऊन बघा. चार जण कटिंग हातात घेऊन उभे. एक म्हणतो "हाव". दुसरा म्हणतो "हाव ना". पाच मिनिटं कुणी बोलत नाही. मग एक जण म्हणतो, "पाऊस नाई आता." तिघंही म्हणतात, "हाव."

आणि तो बूमहाउर. बीविसच्या काळात जजला एका माणसानं फोनवर तक्रारीचा मेसेज ठेवला होता, रागारागानं, इतक्या गडबडीत आणि इतक्या दाट बोलीत की शब्द एकात एक गेलेले. दुसऱ्या कुणी तो मेसेज पुसून टाकला असता. जजनं तो आवाज ठेवला, आणि पुढं तोच आवाज अमेरिकाभर घरोघरी ऐकू यायला लागला. शिव्या द्यायला फोन केलेल्या माणसाचा आवाज एवढ्या मायेनं कुणी सांभाळला असेल असं मला दुसरं उदाहरण माहीत नाही. बूमहाउर कळत नाही, पण त्याला कुणी वेड्यात काढत नाही, त्याचे मित्र त्याचं सगळं समजून उत्तरं देतात. गावाकडं असंच असतं ना. आमच्या गल्लीतले एक आण्णा तोंडात तंबाखू धरून बोलायचे, बाहेरच्याला एक अक्षर कळायचं नाही आणि आम्हाला पूर्ण कळायचं.

आता मला जे खरं सांगायचंय ते. २०१९ ला मी मुंबईला एका डबिंगच्या ऑडिशनला गेलो होतो. परदेशी मालिका मराठीत येणार होती. मला वडिलांच्या पात्राचा पेपर दिला, मी तो माझ्या मनात जसा होता तसा वाचला, म्हणजे मामांच्या सुरात. काचेपलीकडून सांगितलं, हा टोन बापाला नको, हा वॉचमनला ठेवू, वॉचमन कॉमेडी आहे. मी वॉचमन वाचला. घेतलंही मला, तीन दिवसांचं काम मिळालं. पण परत येताना देवगिरी एक्सप्रेसमध्ये रात्रभर झोप नाही. आपल्या बोलीत बाप नसतोच का? आपल्या बोलीत कुणी मयताला जात नाही, कुणी लेकीच्या लग्नाचं कर्ज फेडत नाही, नुसते गेटवर उभे राहून लोकांना हसवतात?

मग कळत कळत कळलं की डबिंगमध्ये अडचण आधीपासूनच बसलेली असते. तिथं चित्र आधी तयार असतं. ओठ कुणाच्या तरी दुसऱ्याच भाषेत हललेले असतात, आणि आपण आपले शब्द कापून, दाबून, ताणून त्या ओठांत बसवतो. "करूलालो" बसत नाही, लांब पडतं, म्हणून "करतोय" करा. जजच्या कामात उलटं असतं, आणि मुळात अमेरिकेतल्या कार्टूनची रीतच तशी आहे, आधी आवाज रेकॉर्ड होतो, मग त्या आवाजाबरहुकूम तोंड काढलं जातं. किंग ऑफ द हिलचे आवाज अमेरिकेत व्हायचे आणि त्यावरून चित्रं कोरियातल्या स्टुडिओत काढली जायची. म्हणजे विचार करा, टेक्सासच्या बोलीनं अर्ध्या जगापलीकडच्या चित्रकाराचा हात चालवला. हँक जिथं अडखळतो तिथं त्याचा जबडा अडखळतो, कारण आवाज मालक आहे आणि चित्र त्याच्या मागं येतं.

हे समजलं त्या दिवशी मी डबिंगचा नाद सोडला आणि तोंडं काढायला बसलो. तोंडाच्या आकारांचे तयार तक्ते नेटवर मिळतात, सात-आठ आकार, पण ते इंग्रजी बोलणाऱ्या तोंडाचे. आपल्याला "ळ" लागतो. आरशासमोर बसून मी "टाकळी, टाकळी" म्हणत राहिलो तर दिसलं की ळ ला जीभ मागं वळते, ती समोरून दिसत नाही, दिसते ती फक्त हनुवटीची छोटी हालचाल. आणि "करूलालो" मध्ये काय होतं बघा, "क" ला तोंड जरासं उघडतं, "रू" ला ओठ पुढं, "ला" ला एकदम मोठं उघडून जीभ वर टाळूला, आणि "लो" ला परत गोल. बंद, उघडं, बंद. झोका घेतल्यासारखं. "करतोय" मध्ये हा झोका नाही, ते तोंड पुढं जाऊन मिटतं. आमच्या भागातली माणसं बोलताना दुरून निवांत का वाटतात याचं एक कारण मला त्या आरशात सापडलं. दोन वर्षं झाली या कामाला, दिवसा कंपनीत क्वालिटीला आणि रात्री हे.

किंग ऑफ द हिलचं पुढं काय झालं तेही सांगतो. तेरा सीझन चालली, २५९ एपिसोड, १९९९ ला एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला, २०१० पर्यंत संपली. जजनं मधे इडिओक्रसी नावाचा सिनेमा केला, मग एचबीओ चॅनेलवर सिलिकॉन व्हॅली ही मालिका, जिथं त्याचे ते १९८७ चे तीन महिनेही वाया गेले नाहीत. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये किंग ऑफ द हिल परत आलं. हँक आता म्हातारपणाकडं झुकलाय, बरीच वर्षं सौदीत गॅसच्या कामावर राहून बायकोबरोबर गावी परतलाय, पोरगं डॅलसमध्ये शेफ झालंय. सौदीहून परतलेला माणूस! आमच्या गल्लीत असे तीन आहेत. येतात, घराला टाइल्स लावतात आणि पहिले सहा महिने त्यांना गावात काही ओळखू येत नाही, टपरी कुठं गेली, शाळेची भिंत कधी पाडली. मी तो पहिला भाग बघताना सारखा थांबवत होतो.

त्यात एक गोष्ट फार लागली. शेजारी डेलचा आवाज देणारा जॉनी हार्डविक २०२३ मध्ये वारला, नव्या सीझनचे काही भाग रेकॉर्ड करून झाले होते. पुढचे भाग टोबी हस या दुसऱ्या नटानं केले. ऐकताना एका भागातून पुढच्या भागात जाताना आवाज बदलतो, पण तोंड तेच राहतं. माणूस गेला तरी त्याच्या आवाजावर काढलेलं तोंड हलतंय. मामांना गेल्या वर्षी घशाचा त्रास झाला, बायोप्सी झाली, देवाच्या कृपेनं काही निघालं नाही, पण ते आठ दिवस मी कामावर होतो आणि नव्हतो. रिपोर्ट आल्यावर पहिलं काम काय केलं तर सेलूला जाऊन मामांचं बोलणं रेकॉर्ड केलं, तीन तास. गोडाऊनचं, गिऱ्हाइकांचं, मामीच्या माहेरचं, काहीही. कार्टूनमधला आवाज माझाच आहे पण त्या तीन तासांवरून घोटलेला.

तर गेल्या रविवारी चाळीस सेकंदांचं पहिलं कार्टून घेऊन सेलूला गेलो. मामा खाटेवर बसले होते, चष्मा लावला, मोबाईल हातभर लांब धरून बघितलं. मग म्हणाले, परत लाव. परत लावलं. मामी मागून बघत होत्या, त्या म्हणाल्या, "अय्या, हे तर तुमीच की ओ." मामा काही बोलले नाहीत.

मी म्हणलं, "मामा, आवाज कसा वाटला?"

"आवाजाला काय झालं? बोलूलाला की माणूस नीट."

एवढंच. मी सहा वर्षं त्या ऑडिशनचं ओझं घेऊन फिरत होतो आणि मामांना त्यात विचारण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही.

मग त्यांनी स्वतःच बोटानं व्हिडिओ मागं नेला आणि थांबवला. "पण हे चुकलंय बघ. ह्यानं सील आधी तोडलं आन मग काट्यावर ठिवली. असं नाई करायचं. सील तोडल्यावर वजन केलं आन कमी भरलं तर गिऱ्हाइक म्हणतंय, तुमीच काढला गॅस मधून. आधी वजन, त्याच्या डोळ्यासमोर, सील असताना. मग तोड."

नवव्या सेकंदापासून एकतिसाव्यापर्यंत सगळं परत काढावं लागणार. बावीस सेकंद, २६४ चित्रं. परवा रात्री आवाज झालाय. आता काटा, टाकी आणि मामांचे हात.